जिभेवरचा पांढरा थर आणि आपल्यावरचे ऋण



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ भरते ते लहान मुलांचे डॉक्टर होते. मूल कशासाठीही आणलेले असो, ते आधी त्याला तोंड उघडायला लावत आणि जीभ, टाळू, हिरड्या, गालाची आतली बाजू बॅटरीच्या उजेडात नीट पाहत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना ही सवय कायमची लागली. मी त्वचारोगाचा डॉक्टर. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय शोधताना मला तोंडात दिसणारा एक आजार सुचला. त्याचे लांबलचक नाव एकदाच सांगतो : क्रॉनिक म्युकोक्युटेनियस कँडिडियासिस. तोंड, त्वचा आणि नखे यांवर कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग होतो, औषधाने जातो, पुन्हा येतो आणि वर्षानुवर्षे येत राहतो. मूळ दोष बुरशीत नसतो, तो रुग्णाच्या प्रतिकारशक्तीत जन्मापासून असतो.

हा आजार फार थोड्यांना होतो. तरीही त्याच्यासाठी तुमची संध्याकाळ मागितली, कारण या थोड्या रुग्णांनी वैद्यकाला आपल्या सगळ्यांच्या शरीराविषयी फार मोठे काही शिकवले आहे. त्यांचे आपल्यावर ऋण आहे. ते कसे, आणि नाशिकने ते कसे फेडावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आईला दिसते ते

सुरुवात घरातून करू. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसतो. दुधाचा थर ओल्या फडक्याने पुसला जातो. बुरशीचा थर सहज निघत नाही, आणि खरवडला तर खालची जागा लाल होते, कधी रक्त येते. पहिल्या काही महिन्यांत असे होणे सामान्य आहे. पूर्वी जांभळे औषध लावत, आता थेंब किंवा जेल देतात. आठ-पंधरा दिवसांत बाळ बरे होते आणि घर ते विसरून जाते. त्यात काळजीचे काही नाही, हे तरुण आईवडिलांनी आधी लक्षात घ्यावे.

काही मुलांचे मात्र तसे होत नाही. औषध थांबले की थर परत येतो. मूल वर्षाचे होते, तीन वर्षांचे होते, शाळेत जाऊ लागते, तरी जीभ स्वच्छ राहत नाही. ओठांचे कोपरे चिरतात. तिखट-आंबट तर सोडाच, गरम वरणभातही झोंबतो. नखांच्या कडा सुजतात, नखुर्डे झाल्यासारखे दिसते, मग नखे जाड, पिवळट-तपकिरी आणि खडबडीत होतात. काहींच्या डोक्यावर, चेहऱ्यावर जाड खपल्या धरतात. संसर्ग अन्ननलिकेत उतरला तर गिळताना दुखते. मूल खात नाही आणि वजन वाढत नाही.

मग घरात उपाय सुरू होतात. ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून सब्जा आणि गुलकंद. कोणी मधात टाकणखार कालवून चाटवते. टाकणखार बाळाच्या पोटात जाणे घातक आहे आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये, हे इथे स्पष्ट सांगतो. त्यानंतर बोट आईकडे वळते. बाटली नीट उकळली नाही, छाती धुतली नाही, पथ्य पाळले नाही. शाळेत मुलाचा डबा कोणी घेत नाही, त्याच्या पेल्यातले पाणी कोणी पीत नाही. मुलगी मोठी झाली की नखे लपवायला शिकते.

या सगळ्या घरांना मला पहिली गोष्ट सांगायची आहे : यात आईचा दोष नाही. मूल अस्वच्छ नाही. त्याच्या शेजारी बसून जेवल्याने हा आजार कोणाला होत नाही, कारण ही बुरशी आपल्यापैकी निम्म्याअधिक लोकांच्या तोंडात किंवा आतड्यात आधीपासून सुखाने राहत असते.

बुरशी सगळ्यांची, आजार थोड्यांचा

बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन शल्यवैद्याने १८३९ मध्ये तोंडातल्या अशा थरात बुरशी पाहिल्याची नोंद केली. १९२३ मध्ये नेदरलँड्सच्या क्रिस्टीन बेरखाऊट यांनी या बुरशींच्या गटाला कँडिडा हे नाव दिले. त्यातली सर्वांत नेहमीची जात कँडिडा अल्बिकन्स. शांत असते तेव्हा ती गोलसर यीस्टच्या रूपात राहते. संधी मिळाली की तिला लांब तंतू फुटतात आणि ते आवरणात घुसतात. हे तंतू कँडिडालायसिन नावाचे विष सोडून पेशींना भोके पाडतात, हे तर २०१६ मध्ये कळले.

संधी कोण देते? बहुतेक वेळा नेहमीची कारणे असतात. ताब्यात नसलेला मधुमेह. लांबलेला अँटिबायोटिकचा कोर्स. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणे. रात्रीही तोंडात ठेवलेली कवळी. कर्करोगाचे उपचार. आणि एचआयव्ही. महाराष्ट्राच्या डॉक्टरांना जीभ पाहायला एचआयव्हीच्या साथीने नव्याने शिकवले. भारतात हा विषाणू १९८६ मध्ये चेन्नईत प्रथम आढळला आणि मुंबई, पुणे, सांगलीकडे त्याने अनेक संसार उद्ध्वस्त केले. पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. त्या वर्षांत तरुण माणसाच्या तोंडातला पांढरा थर हीच अनेकदा आजाराची पहिली खूण असे. २००४ मध्ये सरकारी मोफत उपचार सुरू झाले आणि थराबरोबर मरणही मागे हटले.

२०२१ मध्ये आपण दुसरी बुरशी पाहिली. करोनातून उठलेल्या माणसाच्या डोळ्यात, जबड्यात म्युकरमायकोसिस शिरत होता आणि नातेवाईक अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी गावोगाव फोन करत होते. तिचे बीजाणू आपल्या मातीत आणि हवेत कायमच होते. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी दार उघडले. बुरशीचा गंभीर आजार दिसला की शरीराचा पहारा कुठे ढिला पडला हे शोधायचे असते, हा धडा त्या वर्षाने आपल्याला फार महाग शिकवला.

आता असे मूल डोळ्यांसमोर आणा ज्याला मधुमेह नाही, एचआयव्ही नाही, स्टेरॉइड नाही, कर्करोग नाही, तरी थर जात नाही. इथून आपला विषय सुरू होतो.

तटबंदी आणि बालेकिल्ला

या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना फार वर्षे एक कोडे पडले होते. तोंड, त्वचा, नखे बुरशीने भरलेली असत, पण ती रक्तात सहसा उतरत नसे. उलट केमोथेरपीने ज्यांच्या पांढऱ्या पेशी घसरतात त्या रुग्णांच्या रक्तात कँडिडा शिरून जीव घेते. एकाच बुरशीशी शरीर दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या फौजांनी लढते, असा याचा अर्थ होता. आपल्या गडांसारखे आहे हे. तटावरचा पहारा वेगळा, बालेकिल्ल्यातली शिबंदी वेगळी. या मुलांची शिबंदी शाबूत होती, तट उघडा होता.

पहिला धागा १९२९ मध्ये सापडला. थॉर्प आणि हँडली या अमेरिकन डॉक्टरांनी साडेचार वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तोंडात कायमची बुरशी आणि सोबत हातपाय आखडण्याचे झटके. बुरशीचा आणि झटक्यांचा काय संबंध? पुढे अशी आणखी मुले दिसली आणि एक क्रम लक्षात आला. पाचव्या वर्षाच्या आत तोंडाची बुरशी. दहाव्याच्या आत गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होऊन रक्तातले कॅल्शियम घसरते, पेटके आणि आकडी येते. पंधराव्याच्या आसपास मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी थकतात. अंग काळवंडते, थकवा येतो, मीठ खावेसे वाटते, आणि साध्या तापातही रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. प्रत्येकात हा क्रम पूर्ण होतोच असे नाही. काहींच्या दातांचे कवच नीट तयार होत नाही, काहींचे केस चट्ट्यांनी गळतात, काहींना कोड फुटते. या प्रकाराला अपेसेड म्हणतात. फिनलंडमध्ये तो सुमारे २५,००० जणांमागे एकाला आढळतो, इराणी ज्यूंमध्ये सुमारे ९,००० मागे एकाला. आपल्या देशातूनही अशा कुटुंबांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत.

१९९७ मध्ये दोन संशोधक गटांनी एकाच वेळी याचा जनुक शोधला. त्याचे नाव आयर, जागा २१ वे गुणसूत्र. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे तयार होतात. आयर जनुक थायमसमध्ये शरीरभरातल्या अवयवांची प्रथिने थोडी थोडी बनवून या कोवळ्या पेशींपुढे ठेवतो. जी पेशी आपल्याच प्रथिनावर उलटते ती तिथेच काढून टाकली जाते. आयर बिघडला की अशा उलटणाऱ्या पेशी सुटून बाहेर येतात आणि स्वतःच्याच ग्रंथी खातात. आपले शरीर आपल्याला कसे ओळखते, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर तोंडातल्या बुरशीने त्रासलेल्या मुलांनी दिले.

पण आपल्या ग्रंथी खाणारा आजार बुरशीला का वाट देतो? २००५ च्या सुमारास टी पेशींचा एक वेगळा गट ओळखला गेला. त्या इंटरल्युकिन-१७ नावाचा संदेशवाहक रेणू सोडतात. तो मिळताच तोंडाचे आणि त्वचेचे आवरण बुरशीनाशक प्रथिने तयार करते आणि न्यूट्रोफिल पेशींना बोलावून घेते. तटावरचा पहारा तो हाच. २०१० मध्ये दिसले की अपेसेडच्या रुग्णांचे शरीर इंटरल्युकिन-१७ विरुद्धच प्रतिपिंडे बनवते. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या एका कुटुंबात हा रेणू बनवणाऱ्या जनुकाचा दोष सापडला आणि मोरोक्कन वंशाच्या एका मुलात त्याला स्वीकारणाऱ्या ग्राहकाचा. त्याच वर्षी नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या गटांनी सर्वांत नेहमीचे कारण दाखवले : स्टॅट-१ नावाचा जनुक गरजेपेक्षा जास्त काम करतो आणि त्यामुळे इंटरल्युकिन-१७ बनवणाऱ्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. यात आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेला, किंवा मुलात नव्यानेच घडलेला, एकच बदल पुरतो.

स्टॅट-१ च्या रुग्णांची एक मोठी जागतिक नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. २७४ रुग्ण होते. जवळपास सर्वांना बुरशीचा त्रास होता आणि तो साधारण पहिल्या वर्षातच सुरू झाला होता. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना जिवाणूंचे संसर्गही झाले होते. तिघांत एकाहून अधिकांना थायरॉइडसारखे स्वतःच्याच अवयवांवर उलटणारे आजार होते. काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना फुगे आले होते, काहींना तोंडाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता. ‘जिभेवर थर आहे, औषध लावा’ एवढ्यावर का थांबता येत नाही, ते या नोंदीतून कळेल.

ऋणाचा हिशेब

ऋण हा शब्द मी का वापरला, ते आता सांगतो. आज या सभेत सोरायसिसचे रुग्ण नक्की असतील. त्यांच्या त्वचेत इंटरल्युकिन-१७ गरजेपेक्षा जास्त काम करते. ते रोखणारे सेक्युकिनुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले आणि आता आपल्याकडेही वापरले जाते. हा रेणू रोखला तर शरीराला कुठे धोका आणि कुठे नाही, याचे उत्तर आपल्या या मुलांच्या शरीरात आधीच लिहिलेले होते. तोंडात बुरशी वाढू शकते, रक्तात सहसा नाही. प्रत्यक्षात तसेच दिसले.

दुसरे उदाहरण प्रत्येक घराला स्पर्श करणारे आहे. विषाणू शिरला की शरीर पहिल्यांदा इंटरफेरॉन सोडते. अपेसेडच्या रुग्णांमध्ये इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे २००६ पासून माहीत होते. २०२० मध्ये करोनाने गंभीर झालेल्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले तेव्हा १०१ जणांत तशीच प्रतिपिंडे सापडली, आणि त्यांतले बहुतेक पुरुष होते. धडधाकट दिसणारा माणूस करोनात अचानक का कोसळला, याचे एक कारण त्यामुळे समजले. कुठे शोधायचे हे या मुलांच्या आजाराने आधी दाखवले नसते तर हे इतक्या लवकर सापडले नसते. त्या वर्षी आपण सगळ्यांनी जवळची माणसे गमावली. ती का गेली, हे समजून घेण्यात या मुलांचाही वाटा आहे.

औषधे : पिंपरीपासून द्राक्षबागेपर्यंत

बुरशीवरचे माणसाला पेलणारे पहिले उपयोगी औषध दोन स्त्रियांनी शोधले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जिवाणू वाढवत. रेचल ब्राउन आल्बनीत त्यांचे रसायन वेगळे काढत. नमुने टपालाने जात आणि येत. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून मिळालेले निस्टॅटिन त्यांनी १९५० मध्ये जगापुढे ठेवले. त्याच्या स्वामित्वधनातून आलेले एक कोटीहून अधिक डॉलर त्यांनी विज्ञानाच्या कामाला देऊन टाकले.

त्याच धाग्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन शोधले. त्या जिवाणूला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव मिळाले. तोंडातल्या बुरशीवर लावायला आपल्या आजीच्या काळातल्या डॉक्टरांनी हॅमायसिन वापरले. त्याच कारखान्याने ऑरिओफंजिन हे पिकांच्या बुरशीसाठीही दिले. आपल्या मातीतून, आपल्या माणसांनी, आपल्या रुग्णांसाठी औषध शोधले, हे आपल्या मुलांना शाळेत सांगायला हवे.

पुढे अझोल गटाची औषधे आली. १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या केटोकोनाझोलमुळे अशा रुग्णांना पहिल्यांदा गोळीने दिलासा मिळाला. १९९० पासून फ्लुकोनाझोल आले आणि अनेक मुले प्रथमच न दुखता जेवू लागली. पण ही गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. मध्येच सोडली, अर्धवट घेतली तर बुरशी तिला सरावते.

इथे नाशिकच्या बागायतदारांशी थोडे बोलायचे आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी येऊ नये म्हणून बागेत हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल फवारता, तेही याच अझोल कुळातले आहे. ही औषधे बुरशीच्या आवरणातले एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या एकाच एन्झाइमवर घाव घालतात. शेतात या औषधांना सरावलेली ॲस्परजिलस बुरशी माणसाच्या फुफ्फुसात औषधाला दाद देत नाही, असे युरोपात आधी दिसले आणि नंतर इतरत्र. बागायतदाराला बाग वाचवायची असते, पोरांची फी भरायची असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मागणे एवढेच : औषधांचे गट आलटून-पालटून फवारा, ठरलेले प्रमाण पाळा, गरज नसताना फवारणी वाढवू नका. द्राक्षाची भुरी आणि मुलाच्या जिभेवरचा थर यांच्या औषधांचे कूळ एक आहे, हे द्राक्षांच्या या जिल्ह्याला माहीत असायला हवे.

दुसरे मागणे औषध दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांकडे. गजकर्ण, चिखल्या, कसलीही खाज उठली की बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेले मलम विकले जाते. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते आणि बुरशी आत पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो पाळला गेला पाहिजे. ज्या मुलाच्या प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष आहे त्याच्या त्वचेवर असे मलम लावत राहिले तर निदान वर्षे लांबते.

नवे उपचारही आले आहेत. स्टॅट-१ च्या अतिरेकाला आवरणाऱ्या जॅक-रोधक गोळ्यांनी, उदाहरणार्थ रुक्सोलिटिनिबने, काही रुग्णांची जुनी बुरशी गेली आणि सोबतचे आजारही निवळले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अपेसेडच्या पाच रुग्णांना हेच औषध देऊन सुधारणा दाखवली. औषध महाग आहे आणि ते घेताना इतर संसर्गांवर नजर ठेवावी लागते. मूळ बदलणारा अस्थिमज्जारोपणाचा मार्गही आहे. स्टॅट-१ च्या रुग्णांत त्याचा धोका मोठा आहे, म्हणून तो निवडक रुग्णांतच अवलंबतात.

नाशिकने काय करावे

या आजाराचे बरेचसे नुकसान टळते, पण वेळेवर नाव कळले तर. कॅल्शियम कमी म्हणून आकडी येणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे फक्त फिट्सच्या गोळ्या दिल्या जातात. एका साध्या रक्ततपासणीने ते कळले असते आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या औषधाने आकडी थांबली असती. ॲड्रिनल ग्रंथींचा बिघाड आधी ओळखला तर हायड्रोकॉर्टिसोनच्या साध्या गोळीने जीव वाचतो.

नजर कुठे हवी, ते सांगतो. बीसीजीची लस आपल्या देशात प्रत्येक बाळाला मिळते. लसीनंतर काखेत लहान गाठ येणे निरोगी बाळातही घडते. पण गाठ मोठी होऊन फुटली, वाहत राहिली, आणि त्याच मुलाच्या तोंडात थरही परत परत येत असेल, तर इंटरल्युकिन-१२ च्या ग्राहकातला जन्मजात दोष शोधला पाहिजे. अशा दोषाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना कँडिडाचा दीर्घ त्रास होतो. क्षयाच्या आणि साल्मोनेलाच्या कुळातले जंतू त्यांना वारंवार छळतात. लस थांबवायची नाही. लसीने दिलेली खूण वाचायची आहे.

दुसरी नजर घराण्यावर हवी. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत नोंदली. आजही ती अनेक समाजांत, अनेक तालुक्यांत आहे. अपेसेड किंवा इंटरल्युकिन-१२ च्या ग्राहकाचा दोष यांसारख्या प्रकारांत आई-वडील दोघांकडून दोष आला तरच आजार होतो, आणि नात्यात लग्न झाले की तशी शक्यता वाढते. कोणाच्या रीतीला नावे ठेवायला मी आलेलो नाही. पण घरात एखादे मूल लहानपणीच संसर्गाने गेले असेल, दुसऱ्याला तोच त्रास असेल, तर पुढचे लग्न आणि पुढचे बाळंतपण यांआधी जनुकीय सल्ला घ्यावा. तो घेतला म्हणून घराण्याचे नाव खराब होत नाही.

तिसरी गोष्ट, जायचे कुठे? आधी आपल्याच जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत. रक्तगणना, साखर, एचआयव्ही, कॅल्शियम, इम्युनोग्लोब्युलिन या तपासण्या शहरात होतात. पुढच्या तपासणीसाठी परळ आहे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरली की दादरला उतरून तिथे पोचता येते. केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आणि शेजारचे १९२९ मध्ये सुरू झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, या दोन्ही ठिकाणी जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान आणि उपचार होतात. केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातले उत्कृष्टता केंद्रही आहे. पात्र आजारांसाठी या धोरणात ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्या मुलाचा आजार त्यात बसतो का, हे त्या केंद्रातच विचारून घ्यावे. पैसे नाहीत म्हणून विचारायचेच टाळले, असे होऊ देऊ नका.

चौथी गोष्ट सरकारी यंत्रणेची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरहून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरही जातात. ती मुलांचे दात पाहतात. म्हणजे तोंड उघडलेच आहे. त्याच क्षणी जीभ, टाळू आणि नखे पाहायची आणि ‘हे पूर्वी झाले होते का, किती वेळा?’ एवढे विचारायचे. नवी यंत्रे नकोत, नवी माणसे नकोत. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषाच्या ज्या दहा धोक्याच्या खुणा जगभर शिकवल्या जातात त्यांत न जाणारा तोंडातला थर ही एक आहे. वर्षात दोन न्यूमोनिया, वजन न वाढणे, खोल गळवे आणि घरातला पूर्वेतिहास याही आहेत. त्या दहा खुणा प्रत्येक पथकाच्या वहीत मराठीत छापलेल्या हव्यात. आपल्या शहरात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरची वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. या खुणा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम त्या विद्यापीठाने हाती घ्यावे, अशी या व्यासपीठावरून मी जाहीर विनंती करतो. गावात आई आधी ज्याच्याकडे जाते तो डॉक्टर कोणत्याही शाखेचा असू शकतो. त्याला खूण ओळखता आली तर मूल वाचते.

आणि इथे बसलेल्या तरुण डॉक्टरांना एक विनंती. तोच थर घेऊन मूल पुन्हा आले की तीच चिठ्ठी लिहून देऊ नका. आईला बसवा. किती वेळा झाले, किती दिवसांनी परत आले, घरात आणखी कोणाला होते, सोबत काय काय झाले, हे विचारून कागदावर मांडा. बहुतेक मुलांत कारण साधे निघेल आणि आई निर्धास्त होऊन घरी जाईल. एखाद्यात निघणार नाही. त्या एकासाठी परळला फोन करा, चिठ्ठी द्या, आणि ते पोचले की नाही याचा पाठपुरावा करा.

आजाराचे नाव कळले की घरातला आरोप संपतो. सासू सुनेला बोलायची थांबते, कारण दोष बाटलीत नव्हता हे तिला समजते. मुलगा शाळेत डबा उघडतो. मुलीचे नख तपासायला कोणी डॉक्टर तिचा हात हातात घेतो, तेव्हा लपवण्याची गरज राहत नाही. औषधाइतकेच हे महत्त्वाचे आहे, आणि यासाठी कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

फिनलंडची मुले, अर्जेंटिनातले कुटुंब, मोरोक्कन वंशाचे एक बाळ, आणि आपल्या देशातली नाव न कळलेली कितीतरी घरे, या सगळ्यांनी आपले रक्त, आपली जनुके, आपले दुखणे संशोधकांच्या हवाली केले. त्यातून आलेली औषधे आणि ज्ञान आपण वापरतो आहोत. त्यांच्यासारखे एखादे मूल नाशिक जिल्ह्यात आज असेल, तर त्याला वेळेवर आजाराचे नाव मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ते मिळवून देणे हे आपले काम आहे. ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांनी हे काम रोज सकाळी दवाखाना उघडल्यापासून केले. आता ते जिल्ह्याने करावे, एवढीच माझी मागणी आहे.